एका बाकावर मावणारं आडनाव

आन्टोन मायरला या सोयरिकीतून काय काय मिळणार, याचा हिशोब अमेरिकेतल्या फ्रीडेनस्टाल या जर्मन वस्तीच्या घराघरांत त्याच्या आधीच मांडून झाला होता. मिसूरी नदीकाठची गाळाची जमीन, नांगर घातला की लोण्यासारखी उलगडणारी. टेकडीवर विटांचं दुमजली घर, घराखाली द्राक्षाच्या दारूचं दगडी तळघर. खेचरांच्या जोड्या, डुकरांचा गोठा, सफरचंदाची बाग. आणि या सगळ्याच्या जोडीला लिझेट, बापाला उरलेली एकुलती एक, कामाला वाघीण, आणि दिसायला अशी की ती चर्चमध्ये शिरली की मागच्या बाकांवरची पोरं स्तोत्राची ओळ चुकायची. घेण्याच्या बाजूला हे एवढं. देण्याच्या बाजूला एकच गोष्ट होती. आडनाव.

आणि तेही कसलं, तर मायर.

"हे काय देणं झालं?" चर्चच्या पायऱ्यांवर बायका म्हणायच्या. "मिसूरीत कुत्र्याला म्हणून दगड भिरकावला तरी तो एखाद्या मायरलाच लागायचा."

लिझेटच्या खर्चाचं पान तर साफ कोरं होतं. बाकीच्या मुलींना लग्नात घर सोडावं लागे, आडनाव सोडावं लागे. आहेराच्या चादरी-उशांवर त्या लहानपणापासून आपल्या नावाचं पहिलं अक्षर भरायच्या आणि दुसऱ्या अक्षराची जागा रिकामी ठेवायच्या, कारण ते अक्षर कोणाचं येईल ते देवालाच ठाऊक. लिझेटने दोन्ही अक्षरं केव्हाच भरून टाकली होती, एल आणि ओ. ओसनडीकची लेक ओसनडीकच राहणार होती. "तिला पलंगसुद्धा बदलायचा नाही," मैत्रिणी म्हणायच्या, आणि त्यात थट्टा किती आणि जळफळाट किती ते सांगणं अवघड होतं.

आन्टोन हावरट होता असं नाही. पण तो धाकटा होता, आणि त्या गावात धाकटं असणं हा एक धंदाच होता, फायदा नसलेला. त्याचा बाप कास्पर मायर गाड्या बांधायचा. पंचक्रोशीतल्या निम्म्या गाड्यांची चाकं त्याच्या हातची. पण कारखान्यात भट्टी एक, आणि तिच्यापुढे मालक म्हणून उभा राहायला थोरला फ्रिट्झ. आन्टोन सव्विसाव्या वर्षीही आरे तासत होता आणि पुढेही तासणार होता, आज बापासाठी, उद्या भावासाठी.

म्हाताऱ्या एव्हर्ट ओसनडीकने त्याला जेवायला बोलावलं ते १९१२ च्या वसंतात. जेवण झालं, राईच्या काळ्या पावावर सफरचंदाचा मुरंबा आला, कॉफी आली, आणि लिझेट भांडी उचलायच्या निमित्ताने आत गेली. तेव्हा म्हाताऱ्याने विषय काढला.

"हे बघ पोरा, आमचं नाव आमचं नाहीच. ते तळ्याचं आहे."

"कुठल्या तळ्याचं, मालक?"

"तिकडे जर्मनीत, वेस्टफालियात. शेताला लागून तळं होतं, बैलांना पाणी पाजायचं, धुवायचं. ओसनडीक म्हणजे तेच, बैलांचं तळं. नाव होतं शेताचं. त्या शेतावर जो राहायला येईल त्याला ते लागायचं. माझा आजा जन्माचा क्रूझे. त्या घरात जावई म्हणून शिरला आणि लाकडी जोडे उंबऱ्याबाहेर काढावेत तसं क्रूझे बाहेर काढून ठेवलं. कोणी हसलं नाही की कोणी रडलं नाही. तिकडे रीतच ती. ज्या घरची भाकरी, त्या घरचं नाव."

"इथे ती रीत कोणी पाळत नाही, मालक."

"इथे कोणी काहीच पाळत नाही. म्हणून मी पाळतो." म्हाताऱ्याने कॉफी बशीत ओतली. "मायर कुठेही उगवतात. ओसनडीक एकाच तळ्याकाठी. शेत एक, म्हणून नाव एक. त्या घरातून बोटीत बसला तो एकटा माझा बाप. पाद्रीबुवांनी चर्चच्या साप्ताहिकातून विचारणा केली होती, न्यूयॉर्कपासून टेक्सासपर्यंत. कोणी ओसनडीक असाल तर कळवा. एकाचंही उत्तर नाही. सगळ्या अमेरिकेतले ओसनडीक आपल्या चर्चच्या एका बाकावर मावतात, आणि वर टोप्या ठेवायला जागा उरते."

तो बाक आन्टोनला ठाऊक होता. डावीकडचा तिसरा. एके काळी त्यावर एव्हर्टचे तीन मुलगेही बसायचे. एका हिवाळ्यात घटसर्पाने त्यांतले दोन एकाच आठवड्यात नेले. तिसरा मोठा झाला, आणि पुराच्या पाण्यात वासरू वाचवायला उतरला तो वासराबरोबर गेला. आता बाकावर म्हातारा आणि लिझेट, आणि मध्ये टोपी.

"तुझ्याकडे नाव मागतोय म्हणजे फार काही मागत नाही," एव्हर्ट म्हणाला. "तुमच्याकडे त्याचा काही तुटवडा नाही."

आन्टोन हो म्हणाला. दाराआड भांड्यांचा आवाज थांबला होता तो पुन्हा सुरू झाला.

चूक त्याची झाली ती पुढे. बापाला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे रोज सकाळी सांगायचं ठरे आणि रोज कारखान्यात शिरलं की काही ना काही हातात येई. लग्न ठरलंय हे कास्परला माहीत होतं, लिझेट त्याला पसंत होती, पोराला जमीन मिळणार याचा आनंदही होता. नावाचं तेवढं कोणी बोललं नव्हतं. गावाला माहीत होतं, पण ज्याचं त्याला कोण सांगणार?

सांगितलं विल्म टोबेनने. विल्म हा गावचा आमंत्रणाचा स्वार. लग्न निघालं की घोड्यावर बसून दारोदार जायचं, घोडा थेट उंबऱ्याला भिडवायचा, आमंत्रणाचं लांबलचक यमक म्हणायचं. मग घरवाल्यांनी त्याला पेला द्यायचा आणि त्याच्या टोपीला रंगीत फीत टाचायची. फीत टाचली म्हणजे येतो म्हणून शब्द दिला. संध्याकाळपर्यंत विल्मच्या टोपीचा मोर व्हायचा आणि विल्मला घोडाच घरी न्यायचा.

तो मायरांच्या अंगणात शिरला तेव्हा तिघं बापलेक चाकावर धाव चढवत होते. लाल तापलेली लोखंडी धाव चिमट्यांनी धरून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं, की ती आकसून चाकाला आवळते. त्या वेळी तिघांपैकी एकानेही हात सोडून चालत नाही. विल्मला हे दिसत होतं, पण त्याच्या पोटात आधीच सात-आठ घरं गेली होती.

"मालक-मालकीण, नमस्कार घ्यावा," त्याने घोड्यावरूनच सुरू केलं. "सुऱ्या-काटे परजून यावं, तीन दिवसांची भूक घेऊन यावं, बायकांनी नवे जोडे आणि म्हाताऱ्यांनी जुनी भांडणं घरी ठेवून यावं. एव्हर्ट ओसनडीकची लेक लिझेट आणि तिचा होणारा नवरा आन्टोन ओसनडीक यांच्या..."

फ्रिट्झने भावाकडे पाहिलं. आन्टोनने चिमट्याकडे पाहिलं. कास्परने मात्र पाणी ओतायचं थांबवलं नाही. चाकाभोवती गोल फिरत तो ओतत राहिला, वाफ उठत राहिली, लाकूड करकरत राहिलं. धाव काळी पडली. मग त्याने झारी खाली ठेवली.

"कोण आन्टोन?"

"तुझाच की, कास्पर."

"माझ्याकडे आन्टोन मायर आहे. हा कोण?"

विल्मची नशा त्याच्या चेहऱ्यावरून खाली उतरताना दिसली. "मला वाटलं तुला माहीत असेल," तो म्हणाला.

कास्पर आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात काळी फीत होती, बायकोच्या मातीला त्याने टोपीला बांधली होती ती. घोड्याजवळ उभं राहून त्याने ती विल्मच्या लाल-पिवळ्या फितींमध्ये नीट टाचली, वाकडी होऊ नये म्हणून दोनदा टाचणी बदलली.

"कास्पर, ही घेऊन गेलो तर पुढची घरं मला दारात उभं करायची नाहीत."

"मग परत जा." मग तो आन्टोनकडे वळला. आवाज चढवला नाही. "धाव चांगली बसली. हात धू. आणि यापुढे जेवायला तिकडे जात जा."

विल्मने वळणावर गेल्यावर ती फीत काढून खिशात टाकली. पण लग्नाच्या दिवशी ती फीत आपण पाहिली नाही असं म्हणणारा माणूस गावात सापडला नसता. कास्पर आला नाही. फ्रिट्झ आला, तीन दिवस जेवला आणि बापाबद्दल एक शब्द बोलला नाही.

नाव बदलायला आन्टोन तालुक्याच्या कोर्टात गेला तेव्हा तिथला आयरिश कारकून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. "इथे येणारा प्रत्येक जर्मन नाव कापून मागतो," तो म्हणाला. "परवा एक श्वार्झकोफ आला आणि ब्लॅक होऊन गेला. तू आहेस मायर. चांगलं चार माणसांना उच्चारता येतं. आणि तू हे वाढवून मागतोस?"

"शेत आहे सोबत," आन्टोन म्हणाला.

"मग लिहितो. शेत किती मोठं आहे त्यावर माझ्या शाईचं बघू."

पुढच्या वर्षी गेर्ड झाला. म्हाताऱ्याने पोरगं दिव्याजवळ नेऊन नीट पाहिलं, जत्रेत वासरू पाहतात तसं, आणि रविवारी बाकावर टोपी मांडीवर घेतली, कारण आता जागा लागणार होती. आन्टोनने जमीन चांगली सांभाळली. म्हातारा गावात म्हणायचा, माझा ओसनडीक नांगर सरळ धरतो. आन्टोन त्याला लग्नानंतरही मालकच म्हणत राहिला. त्यात कोणाला काही खटकलं नाही, लिझेट सोडून.

बापाशी बोलणं नव्हतं. चर्चमध्ये मायरांचा बाक उजवीकडे होता. मधली वाट ओलांडायला पाच पावलं पुरली असती.

मग जर्मनीशी युद्ध आलं. पाद्रीबुवांना प्रवचन इंग्रजीत करायला सांगण्यात आलं, आणि ते त्यांनी असं केलं की देवालाही दुभाष्या लागला असता. विल्मच्या यमकाला लोक घाबरू लागले, रस्त्यावर मोठ्याने जर्मन बोलणं बरं नव्हे म्हणून. फ्रिट्झला बोलावणं आलं. अंगावर अमेरिकेचा गणवेश आणि समोरच्या खंदकात माणसं बोलत होती ती आजीची भाषा. १९१८ च्या शरदात तो फ्रान्समध्ये लढाईत पडला. त्याचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. त्याच वर्षी, वसंतात, लिझेटला दुसरा मुलगा झाला होता. योस्ट.

आता उजवीकडच्या बाकावर कास्पर एकटा बसायचा, बरोबर मध्ये. जणू दोन्ही बाजूंना कोणी यायचं होतं.

डिसेंबरात ओसनडीकांकडे डुकरं कापायचा दिवस होता. अशा दिवशी शेजाऱ्यांना बोलावणं लागत नाही. जो स्वतःची सुरी घेऊन येतो त्याला काम मिळतं आणि का आलास असं कोणी विचारत नाही. सकाळी कढया उकळत असताना कास्पर मायर सुरी घेऊन फाटकातून आत आला. अंगणात क्षणभर सगळ्यांचे हात थांबले. मग कोणीतरी सरकून जागा केली, आणि कास्पर केस खरवडायला बसला. दिवसभर तो खाली मान घालून काम करत होता. दुपारी पानं मांडली तेव्हा तो उठला नाही. लिझेटने ताट नेऊन दिलं.

"जेवून घ्या, बाबा."

"भूक नाही, पोरी," तो म्हणाला. पण पोरी म्हणाला.

संध्याकाळी म्हातारा एव्हर्ट चुलीजवळ खुर्चीत बसून रक्ताच्या सॉसेजची कढई ढवळत होता. त्याला तेवढंच काम आता झेपायचं. आन्टोन मांस दळायचं यंत्र फिरवत होता. कास्पर हात धुऊन एव्हर्टसमोर उभा राहिला. मुलाकडे त्याने पाहिलंही नाही. शेताचा धनी एव्हर्ट, तर बोलणं त्याच्याशी.

"तुझ्याकडे दोन आहेत," कास्पर म्हणाला.

"आहेत."

"माझ्याकडे दोन होते तेव्हा तू एक मागितलास. मी दिला."

"काळी फीत दिलीस."

"फीत दिली आणि पोरगाही दिला. आता धाकटा मला दे. मायर होऊ दे त्याला."

म्हातारा ढवळत राहिला. "मायर अख्ख्या देशात आहेत, कास्पर. सेंट लुईसमध्ये रस्ताभर आहेत. तुझं नाव कुठे मरतंय?"

"ते माझ्या बाकावर बसत नाहीत."

हे ऐकून आजूबाजूच्या बायका एकदम कामाला लागल्या. आन्टोनचा हात यंत्रावर थांबला होता. त्याने तो पुन्हा फिरवायला सुरुवात केली, यंत्रात मांस नव्हतं तरी.

"माझे तीन होते," एव्हर्ट शेवटी म्हणाला. "तीन म्हणजे पुष्कळ झाले असं मला वाटायचं. तुला माहीत आहे काय झालं ते. त्यांच्या शवपेट्या तूच केल्यास. एक पोरगा म्हणजे एकही नाही, कास्पर. दोन म्हणजे कसाबसा एक. मी देणार नाही. आणि तू माझ्या जागी असतास तर तूही दिला नसतास."

"नसता दिला," कास्पर म्हणाला. त्याने सुरी पुसली, म्यानात घातली आणि गेला. सॉसेजचा वाटा त्याच्या मागे पाठवला तो त्याने घेतला. शेजाऱ्याचं देणं नाकारायचं नसतं.

लिझेट योस्टला कडेवर घेऊन दारात उभी होती. सगळे पांगल्यावर ती आतडी धुवायला बसली आणि पाण्यातून हात न काढता आन्टोनला म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, सांग बघू."

"काय?"

"तेच. तुलाही माहीत नाही."

आन्टोनने तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत प्रथमच त्याच्या मनात आलं की या घरात त्याला कोणी विचारत नाही हे खरं, पण त्यालाही कधी कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

एव्हर्ट ओसनडीक १९२१ च्या मार्चमध्ये गेला, झोपेत, दोन नातवांची नावं बायबलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून. पेटी कास्परने केली. ओकची, कोपरे असे जुळवलेले की नखही जाऊ नये. मातीनंतरच्या सोमवारी आन्टोन कारखान्यात गेला. गाड्या आता कोणी बांधून घेत नव्हतं, मोटारी आल्या होत्या. कास्पर एका ढकलगाडीचं चाक दुरुस्त करत होता.

"बाबा, मालक गेले," आन्टोन म्हणाला. "आता शब्द माझा. योस्टला मायर करतो."

कास्परने मान वर केली. "जेवतो कुठे तो?"

"कोण?"

"पोरगा."

"घरी. कुठे जेवणार?"

"मग तो ओसनडीकच."

आन्टोन गोंधळला. "तुम्हीच मागितला होता."

"मी पोरगा मागितला होता. तू मला अक्षरं आणून देतोस." कास्परने चाक फिरवून पाहिलं, अजून डुगडुगत होतं. "तुला इतकी वर्षं वाटत असेल की मी चिडून काळी फीत टाचली. चिडलो होतो, पण तू सांगितलं नाहीस म्हणून. फीत त्यासाठी नव्हती. एव्हर्ट म्हणत होता ते खरंच आहे, माझा आजाही तेच म्हणायचा. ज्या घरची भाकरी त्या घरचं नाव. तू गेलास म्हणजे खरोखर गेलास. गेलेल्या माणसासाठी बांधतात ती मी टाचली. नावाला छप्पर लागतं, आन्टोन. नुसत्या कोर्टाच्या कागदावरचे मायर सिनसिनाटीत भरपूर आहेत, त्यांना मी ओळखत नाही."

"म्हणजे तो इथे..."

"इथे जेवायला. इथे झोपायला. शाळेत जायचा झाला की पाठव. नाहीतर राहू दे, मी काही बोलणार नाही. मागच्या वेळीही बोललो नव्हतो."

आन्टोन टेकडी चढून घरी आला तोपर्यंत त्याचा हिशोब झाला होता. बापाचा एक मुलगा त्याने स्वतःच नेला होता, स्वतःच्या रूपाने. एक परत द्यायचा. आकडा जुळत होता. हा आकडा कोणाच्या पानावर पडतोय ते त्याने पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला दिसलं लिझेटला सांगून झाल्यावर.

ती पाव कापत होती. सुरी थांबली.

"तू हो म्हणून आलास?"

तो खुर्ची ओढून बसला.

"माझ्या बापाने तुला मागितलं तेव्हा तू सव्वीस वर्षांचा होतास. तुझ्या बापाने तुला पुरेसं वापरून घेतलं होतं. माझ्याकडे सहाव्या वर्षीच मागताय."

"तू नाही म्हण. मी जाऊन सांगतो."

"मी नाही म्हणू शकते, एवढं तुला कळलं तरी पुष्कळ झालं." तिने कापलेला तुकडा बाजूला ठेवला. "दर रविवारी मला तो माणूस दिसतो. त्या बाकावर मधोमध. तो एकटा बसतो तो माझ्या घरामुळे. मी लहानपणापासून ऐकत आले, लिझेटला काही सोडावं लागणार नाही, लिझेटचं सगळं जागच्या जागी. मला तेव्हाच भीती वाटायची. इतकं फुकट कोणाला मिळत नाही."

"लिझेट..."

"तीन वर्षं आहेत अजून. त्यांत याबद्दल बोलायचं नाही."

तीन वर्षं कोणी बोललं नाही. १९२४ च्या उन्हाळ्यात तिने योस्टसाठी सदरे शिवले. कॉलरच्या आत अक्षरं भरायला बसली तेव्हा आन्टोन समोर होता. योस्ट जर्मनमध्ये 'जे'ने लिहितात, ते अक्षर काढून झालं. मग हात सवयीने वळला आणि गोल ओ तयार झाला. तिने तो पाहिला, सुईच्या टोकाने एक एक टाका उसवला आणि त्या भोकांवरूनच एम भरला. पुढच्या सदऱ्यावर पुन्हा तसंच झालं. शेवटच्या सदऱ्यापर्यंत हाताला वळण लागलं.

कोर्टात तोच कारकून होता, केस पांढरे झालेले. त्याने कागद वाचला आणि चष्मा वर केला. "मागच्या खेपेला वाढवून नेलंत, आता आखडून नेताय. तुमच्या घरात आडनाव म्हणजे काय पाटलोण आहे? ज्याला बसेल त्याने घालायची?"

आन्टोन हसला नाही. कारकुनाने मग शिक्का मारला.

सप्टेंबरात शाळा उघडायच्या आदल्या रविवारी ती दोघं योस्टला घेऊन खाली गेली. कपड्यांचं बोचकं आन्टोनकडे होतं. कास्पर दारात उभा होता, दाढी करून, चर्चचा कोट घालून. आत टेबलावर त्याने पाव कापून ठेवला होता, पुरुषाच्या हातचे जाड, वाकडे तुकडे, वर चरबी आणि मीठ. लिझेट फाटकाशी थांबली.

"आत ये, पोरी," कास्पर म्हणाला.

"आत आले तर तो माझ्याबरोबर बाहेर येईल," ती म्हणाली.

तेही खरं होतं. पोरगा आत गेला, उंच खुर्चीवर चढला आणि भूक लागली होती म्हणून खाऊ लागला. कास्पर समोर बसून त्याचं खाणं पाहत होता. इतक्या वर्षांत आन्टोनने बापाला तसं बसलेलं पाहिलं नव्हतं, हात मांडीवर ठेवून, काही न करता. त्याने बोचकं दाराशी ठेवलं आणि उंबरा न ओलांडता मागे फिरला. तो ओलांडायचा हक्क त्याच्यापाशी नव्हता, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी योस्ट उजवीकडच्या बाकावर आजोबांच्या शेजारी बसला. वाट ओलांडून त्याने आईला हात केला. तिने बोटं हलवली. ख्रिसमसपर्यंत तो हात करायचा. ईस्टरला त्याने मान वळवली नाही, कारण कास्पर त्याला स्तोत्राच्या पुस्तकात ओळीवर बोट ठेवून वाचायला शिकवत होता, आणि पोरगं हुशार होतं, त्याचं लक्ष ओळीवर होतं. सुट्टीत तो टेकडीवर यायचा, पाहुण्यासारखा नीट वागायचा, जेवणानंतर आईला छान होतं म्हणायचा.

कास्पर त्यानंतर अकरा वर्षं जगला. कारखान्यात मोटारी दुरुस्त होऊ लागल्या आणि दारावर मायर अशी पाटी राहिली, खाली तेल लागलेले हात पुसत योस्ट मायर. गेर्ड ओसनडीकने गाळाची जमीन सांभाळली, त्याला तीन मुलगे झाले, आणि आता त्या नावाला अख्ख्या अमेरिकेत दीड बाक लागतो.

एव्हर्टला जे हवं होतं ते मिळालं, मेल्यावर का होईना. कास्परला त्याचं परत मिळालं. आन्टोनला शेत मिळालं आणि ते त्याने मन लावून कसलं. फ्रीडेनस्टालच्या बायका अजूनही सुनांना सांगतात की लिझेट ओसनडीकसारखं नशीब हवं, लग्नात बाईने काही म्हणता काही सोडलं नाही, नावसुद्धा नाही. चादरींपुरतं ते खरं आहे. तिच्या कपाटातल्या एकाही चादरीवरचं अक्षर तिला उसवावं लागलं नाही.

चर्चमध्ये डावीकडच्या तिसऱ्या बाकावर तिच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी राहायची. आन्टोनने एकदा तिथे आपली टोपी ठेवली. लिझेटने ती उचलून त्याच्या मांडीवर ठेवली, आणि पुढे शेवटपर्यंत त्याने ती मांडीवरच धरली. सगळ्यांचं येणं वसूल झालं होतं. भरलं होतं ते तिने.